काचेतला समुद्र

वरसे हे गाव रोह्याला अगदी लागून आहे. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका पुढे रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. समुद्र असा हाकेवर असूनही, येथे खाऱ्या पाण्यातले मासे पाळू पाहणाऱ्या नवशिक्याची पहिली अडचण असते ती पाण्याचीच. पावसाळ्यात नदीच्या लोंढ्याने खाडीचे पाणी गोडसर व गढूळ होते. ते काचपेटीत चालत नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, तेव्हा त्याच्या दारातच मरीन ड्राइव्हचा समुद्र होता. ते भाग्य वरशाला कोठले?

मग पेणच्या मिठागरातले मीठ पाण्यात विरघळवले तर? विचार स्वाभाविक आहे, पण फसवा आहे. मिठागरात पाणी आटून मीठ धरते, तेव्हा मॅग्नेशियमचे कडू क्षार बहुतांशी उरलेल्या पाण्यातच राहतात. आपल्या आमटीला ते नकोच असतात. पेटीतल्या समुद्राला मात्र ते हवेत. म्हणून समुद्रातल्या प्रमाणात सर्व क्षार असलेले तयार मिश्रण, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, शुद्ध पाण्यात कालवावे लागते.

पाणी सिद्ध झाले, पंप फिरू लागला, की मासे सोडण्याची घाई होते. घरातली मुले तर काचेला नाक लावून बसलेली! बहुतेक नवशिके फसतात ते नेमके येथे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकीत असतो. उरलेले अन्न कुजून त्यात भर पडते. अथांग सागरात हे विष विरून जाते, पेटीत ते कोंडते आणि माशाचे प्राण घेते. त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग पुष्कळच सौम्य असे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर व वाळूत हळूहळू वस्ती करतात. त्यांना महिना-दीड महिना लागतो. त्यांनाही खाद्य हवे, म्हणून रिकाम्या पेटीत चिमूटभर अन्न टाकावे लागते. नुसत्या पाण्याला जेवू घालणारा हा गृहस्थ शेजाऱ्यांना वेडाच वाटत असेल!

तपासणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, म्हणजे एखाददुसरा मासा आणावा. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा नवशिक्याला बरा. तो काटक असतो आणि त्याची पैदास टाकीतही होते, त्यामुळे त्याच्यासाठी प्रवाळांची वस्ती लुटावी लागत नाही.

पेटीतले पाणी रोज थोडे आटते. मीठ मात्र मागेच राहते. म्हणून काचेवर खूण करावी, आणि पाणी तिच्याखाली गेले की तेवढे शुद्ध गोडे पाणी ओतावे.