सुकत ठेवलेले वाडगे

बाबा गेल्यावर नवव्या दिवशी मी तळघराचा जिना उतरले. तोवर घरातलं कोणीच खाली गेलं नव्हतं. दिवा लावला. लेथवर त्यांचा ॲप्रन टाकलेला होता, खाली ढलप्यांचा ढीग होता. मागच्या फडताळावर किराणा दुकानातल्या तपकिरी कागदी पिशव्या तोंडं दुमडून ओळीनं मांडलेल्या होत्या. मी त्या मोजल्या. चोवीस होत्या. प्रत्येकीवर पेन्सिलीनं, बाबांच्या ठसठशीत देवनागरी आकड्यांत एक नंबर, एक तारीख आणि खाली उतरत गेलेली वजनं: १४३०, १३६२, १३०४. दर रविवारी आंघोळ झाली की नाश्त्याच्या आधी ते माझा स्वयंपाकघरातला काटा घेऊन खाली जायचे आणि एकेक वाडगा तोलून वर यायचे. सगळ्या पिशव्यांवरची शेवटची नोंद ५ फेब्रुवारी २०२३ची होती. त्याच आठवड्यात शुक्रवारी पहाटे ते झोपेत गेले.

ओल्या लाकडाचा वाडगा एका बैठकीत पुरा होत नाही. झाड नुकतं पडलेलं असताना वाडगा जाडजूड कातून ठेवायचा, व्यासाच्या साधारण दहाव्या भागाइतकी भिंत ठेवायची. दहा इंची वाडगा असेल तर इंचभर. मग आडव्या रेषांच्या टोकांना मेण लावायचं, वाडगा त्याच्याच ढलप्यांत पुरून पिशवीत घालायचा आणि सहा महिने, कधी वर्षभर वाट पाहायची. लाकूड सगळीकडून सारखं आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांना धरून ते जास्त आकसतं, गाभ्याच्या दिशेनं त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे गोल कातलेला वाडगा सुकता सुकता लांबोळा होतो. वजन उतरायचं थांबलं की समजायचं, पाणी जायचं तेवढं गेलं. मग तो पुन्हा लेथवर चढवून गोल करायचा, भिंत पातळ करायची. हे सगळं मला बाबांनीच सांगितलं होतं, आणि मी पोळ्या लाटता लाटता अर्ध्या कानानं ऐकलं होतं.

आकसणं हा त्यांच्या पोटापाण्याचाच विषय होता. कोल्हापुरात एका फाउंड्रीत त्यांनी चौतीस वर्षं पॅटर्न मेकर म्हणून काढली. यंत्राचा भाग बिडात ओतायचा, तर आधी तो सागवानात हुबेहूब घडवायचा, त्याभोवती वाळू ठासायची, पॅटर्न काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत रस ओतायचा. बीड निवताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आकसतं. म्हणून पॅटर्न मेकरची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच बाजारातल्या इंचापेक्षा किंचित मोठा. लहानपणी ती पट्टी शाळेत नेऊन मी भूमितीत मार खाल्ला होता. बाबा मला चपला घेतानाही ‘अलाउन्स’ ठेवून घ्यायचे.

आई २०११ मध्ये गेली. दोन वर्षांनी मी त्यांना मिनेसोटात, सेंट पॉलला, माझ्याकडे घेऊन आले. पहिले दोन हिवाळे ते खिडकीशी बसून होते. तक्रार एका शब्दाची नाही. विचारलं की म्हणायचे, ‘‘बरं आहे की.’’ कोल्हापूरच्या माणसानं ‘बरं आहे की’ असं इतक्या हळू आवाजात म्हणणं म्हणजे काय, ते मला कळत होतं आणि उपाय सुचत नव्हता.

उपाय समोरच्या घरातून आला. तिथं एक निवृत्त पोस्टमन राहतो. वादळात पडलेली फांदी बाबा रस्त्याकडेला बसून निरखत होते. करवतीनं कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवत होते, नखानं वर्तुळं मोजत होते. ते पाहून हा पोस्टमन रस्ता ओलांडून आला. काय बोलणं झालं कोण जाणे. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी तो आपल्या गाडीत घालून बाबांना घेऊन गेला, आणि रात्री साडेनऊला बाबा परतले ते अंगावर भुसा आणि हातात अक्रोडाचा एक ठोकळा घेऊन. लॉटरीत लागला होता. किती दिवसांनी त्यांना भूक लागलेली मी पाहिली.

अमेरिकेत लाकूड कातणाऱ्यांचे असे शेकडो स्थानिक क्लब आहेत. त्यांची देशव्यापी संघटना १९८६ मध्ये स्थापन झाली आणि तिचं मुख्य कार्यालय योगायोगानं आमच्याच सेंट पॉलमध्ये. बाबांचा क्लब दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी एका शाळेच्या लाकूडकामाच्या वर्गात जमायचा. मी त्यांना सोडायला-आणायला जायची, नंतर नंतर मागच्या बाकावर बसूनही राहायची. कोणीतरी पुढं येऊन प्रात्यक्षिक करी. लेथच्या डोक्यावर कॅमेरा लावून पटाशीचं टोक पडद्यावर दाखवीत, म्हणजे मागच्यांनाही धार लाकडाला कुठं टेकते ते दिसावं. मग कॉफी. एका टेबलावर सगळ्यांनी महिनाभरात केलेल्या वस्तू मांडलेल्या असत, आणि करणाऱ्यानं उठून सांगायचं की कुठलं झाड, कुठून मिळालं, काय बिघडलं. काय बिघडलं हे सांगताना ही माणसं अगदी मोकळी असत. भोक पडलेला वाडगा हातोहात फिरे आणि त्यावर नीट जमलेल्या फुलदाणीपेक्षा जास्त चर्चा होई. घरात माझ्याशी चार वाक्यं बोलणारे बाबा तिथं उभे राहून मोडक्या इंग्रजीत बोलत. इंग्रजी त्यांना येत होतं, पण ते कारखान्यातलं: टेपर, फिट, क्लिअरन्स, रनआउट. त्या खोलीत तेवढंच लागत होतं.

त्यांचा गुरू नव्वदीला टेकलेला एक शेतकरी होता. बाबा स्वतः सत्तरीचे, आणि त्याला ‘म्हातारबा’ म्हणायचे. त्यालाही ते नाव आवडलं, तो फोनवर स्वतःची ओळख तशीच करून देऊ लागला. म्हातारबांनी बाबांना अरुंद तोंडाचं पोकळ भांडं कातायला शिकवलं. त्यात वाकड्या हत्याराचं टोक बोटभर भोकातून आत जातं आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. डेव्हिड एल्सवर्थ नावाच्या कारागिरानं ही पद्धत फार पुढं नेली. वर सांगितलेल्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. भिंत किती उरली ते कानानं ओळखायचं, कातण्याचा आवाज बदलत जातो त्यावरून. बाबांना हे लगेच उमगलं. फाउंड्रीत आयुष्यभर त्यांनी ओतीव नग हातोडीनं वाजवून त्यातली चीर ओळखली होती.

टेबलावर बाबांनी मांडलेली पहिली वस्तू होती लाटणं, मेपलचं. तिथं सगळ्यांना लाटणं म्हणजे जाड दंडगोल आणि दोन फिरत्या मुठी एवढंच ठाऊक. बाबांनी माझं पोळपाट नेलं होतं, पिठाचा गोळाही डब्यात घेतला होता. पोट किंचित फुगीर आणि टोकं निमुळती का हवीत, मधला भार पोळीला कसा फिरवतो, हे त्यांनी प्रत्यक्ष लाटून दाखवलं. पोळी आपोआप गोल फिरली तेव्हा एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्या शाळेत बँड शिकवायच्या. वर्षभरात क्लबातल्या अकरा घरांत बाबांची लाटणी पोचली. ती तिथं कशावर फिरली मला माहीत नाही. एकानं सफरचंदाच्या पायचा फोटो पाठवला होता.

आणखी एका कामाबद्दल मला लिहायचंच आहे. इकडच्या कित्येक रुग्णालयांत ‘बीड्स ऑफ करेज’ नावाचा उपक्रम चालतो. गंभीर आजाराच्या मुलांना प्रत्येक उपचारागणिक एकेक मणी मिळतो. सुईला एका रंगाचा, केमोला दुसऱ्या. मुलं ते ओवून ठेवतात. त्या माळा ठेवायला देशभरातले कातारी झाकणाचे डबे करून देतात. अट एवढीच की झाकण लहान, थकलेल्या हातांनाही सहज उघडता यावं. बाबा हे डबे करायला लागले की दिवसभर वर येत नसत. बाकी वस्तूंची झाकणं ते ‘फिट’ करायचे, हवा दाबली जाऊन हलकासा आवाज यावा इतकी घट्ट. त्यात त्यांचा अभिमान होता. या डब्यांना ते मुद्दाम सैल झाकण करीत, आणि डोळे मिटून डाव्या हाताच्या दोन बोटांनी उघडून पाहत. आईला शेवटी उजवा हात उचलता येत नव्हता. तिला औषधाच्या डबीचं झाकण उघडत नसे, आणि मागायचा तिला संकोच होता. अकरा केमो झाल्या होत्या तिच्या. बाबांनी असे किती डबे केले ते त्यांनी कुठंच लिहून ठेवलं नाही. वजनं लिहिणाऱ्या माणसानं हे लिहू नये याचं मला नवल वाटतं, आणि नाहीही वाटत.

पिशव्यांतले वाडगे ॲशचे होते, आमच्याच रस्त्यावरच्या झाडांचे. ॲशवर हिरव्या चकाकत्या पाठीचा एक भुंगेरा पडतो. तो मूळ पूर्व आशियातला. अमेरिकेत डेट्रॉइटजवळ तो २००२ मध्ये सापडला, आणि सेंट पॉलला २००९ मध्ये. त्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी वाटा कोरतात, त्यामुळे झाडाचं पाणी वर चढायचं थांबतं. पोस्टमन सांगायचा, तो तरुण असताना हा रस्ता एल्मचा होता, दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींना भिडलेल्या. सत्तरच्या दशकात एल्मवर बुरशीचा रोग आला, एल्म गेले आणि त्यांच्या जागी ॲश लावले गेले. त्याच्या हयातीत दुसऱ्यांदा रस्ता उघडा पडत होता.

आमच्या दारचं झाड ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडलं. करवत चालू असताना बाबा फुटपाथवर हात मागे बांधून उभे होते, स्मशानात उभं राहावं तसे. खोड पडल्यावर त्यांनी वर्तुळं मोजली: त्रेचाळीस. मग क्लबातली पाच-सहा माणसं आली आणि नगरपालिकेची गाडी यायच्या आत ठोकळे करून सगळ्यांनी वाटून घेतले. पुढचे तीन आठवडे आमचं तळघर रात्रीपर्यंत घरघरत होतं. वरच्या मजल्यावर माझ्या उशीखाली ती घरघर यायची. त्या आवाजात मला जितकी गाढ झोप लागली तितकी नंतर लागलेली नाही.

क्लबात एक रीत आहे. दर महिन्याला चिठ्ठी काढतात. ज्याचं नाव निघेल त्यानं मागच्या विजेत्यानं केलेली वस्तू घरी न्यायची आणि पुढच्या महिन्यात स्वतः केलेली वस्तू पुढच्या चिठ्ठीसाठी आणायची. ७ फेब्रुवारीला बाबांचं नाव निघालं. चेरीची एक छोटी डबी घेऊन ते घरी आले, ती देव्हाऱ्याशेजारी ठेवली आणि म्हणाले, ‘‘आता मार्चचं देणं झालं माझ्यावर.’’ तीन दिवसांनी ते गेले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी क्लबातली नऊ माणसं आली. बूट दारात काढून, एकामागोमाग खाली उतरली. कोणी भाषण केलं नाही. एकानं ढलप्या झाडल्या, एकानं लेथला तेल दिलं, पटाश्यांवरचा गंज पुसून धारेवर टोपणं घातली. म्हातारबा खुर्चीत बसून पिशव्यांवरची वजनं माझ्याकडून वाचून घेत होते, त्यांना देवनागरी आकडे येत नव्हते. चार नंबरची पिशवी आधीच्या वर्षीची होती, तिचं वजन डिसेंबरपासून हललं नव्हतं. ती त्यांनी मांडीवर घेतली. ‘‘मार्चचं देणं हे,’’ म्हणाले. बाकीच्यातले बावीस वाडगे वाटले गेले. प्रत्येकानं आपल्या घरी तो तोलत राहायचं आणि सुकला की पुरा करायचा. शेवटचा मी मागून घेतला.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी म्हातारबा चार नंबरचा वाडगा घेऊन आले. तळाशी कातणाऱ्यानं नाव, झाड आणि साल लिहायची पद्धत असते. मी उलटा करून पाहिला. बाबांच्या एका जुन्या वाडग्यावरून त्यांनी नाव देवनागरीतच उतरवलं होतं, तापलेल्या सुईनं, अक्षर न् अक्षर. आधी त्यांनी वरची रेघ ओढली असावी आणि मग तिला एकेक अक्षर टांगलं असावं, कारण रेघ सरळ होती आणि अक्षरं थोडी लोंबत होती. बाबांच्या नावातला काना रेघेपासून केसभर सुटलेला होता. स्वतःचं नाव त्यांनी कुठंच लिहिलं नव्हतं. चिठ्ठी निघाली ती आजोबांबरोबर येणाऱ्या चौदा वर्षांच्या एका मुलाची. त्यानं वाडगा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि एप्रिलमध्ये काय करून आणू म्हणून आजोबांना विचारू लागला.

माझी पिशवी तेवीस नंबरची. बाबांच्या ५ फेब्रुवारीच्या १११२ खाली मी त्यांचीच पेन्सिल घेऊन लिहायला लागले. माझे आकडे त्यांच्यापेक्षा बारीक येतात. १०९८, १०९०. एप्रिलमध्ये एका रविवारी मी विसरले, सोमवारी पहाटे उठून तोललं आणि तारीख खरी तीच लिहिली. मेमध्ये १०७१. वाडगा हातात घेतला की लांबोळा झालेला कळायचा, काठावरून बोट फिरवलं की दोन ठिकाणी उंचवटा लागायचा. जूनच्या दुसऱ्या रविवारी १०६५ आलं. तिसऱ्या रविवारी १०६५. मी काटा शून्यावर आणून पुन्हा तोललं. चौथ्या रविवारीही तेच आल्यावर म्हातारबांना फोन केला आणि सांगितलं की वाळलाय.

‘‘मंगळवारी सकाळी येतो,’’ ते म्हणाले. ‘‘लेथवर तू उभी राहा. ॲप्रन त्यांचाच घाल.’’