पिप्यावरची तारीख

आमच्या भागात भाजीची परीक्षा जिभेआधी डोळे घेतात. रस्सा वाढला, वर तेलाची लालभडक तर्री तरंगली, वाटीच्या कडेला तिचं कडं जमलं, की पाहुणा मान डोलावतो. नाही तरंगली तर भाजी कितीही चवदार असो, घरच्या बाईचा हात आखडता आहे असा बोभाटा होतो. यवतमाळजवळच्या कळंबला हायवेवर आलुबोंडा घेतला तरी वरून तर्री मागणारे लोक आहेत. पोह्यावर तर्री, समोशावर तर्री. पाटोडीचा रस्सा बिनतर्रीचा करून जावयापुढे ठेवायची हिंमत माझ्या माहितीत अजून कुणी केलेली नाही. अशा गावात राहून वजन उतरवायचं आणि कॅलऱ्या मोजायच्या म्हटलं, तर हिशोब भातापासून नाही, तेलापासून सुरू करावा लागतो. हे मला कळायला बरीच वर्षं गेली. मध्ये तेलच बदलत गेलं.

1970 च्या दशकातल्या आमच्या घरात तर्री सणासुदीलाच दिसायची. बाबांची कोरडवाहू कास्तकारी. शेतात पऱ्हाटी, तूर आणि ज्वारी. सरकीची ढेप म्हशीसाठी घरात यायची, पण माणसांसाठी तेल यायचं ते बाटलीनं. घाणीवरचं फल्लीतेल, कधी जवसाचं. बाटलीच्या बुचाला मायनं खिळा तापवून बारीक भोक पाडलं होतं. बाटली पूर्ण उलटी केली तरी धार लागायची नाही, थेंब पडायचे. भाकरीवर तिखट-मीठ घेऊन आम्ही बोटानं त्यात खळगा करायचो आणि माय त्या खळग्यात थेंब सोडायची. अजून मागितलं की म्हणायची, "तुह्या बापाची घानी हाये काय वं?" बाबा शेजारीच बसलेले असायचे. तेही हसायचे, कारण घाणी त्यांचीही नव्हती.

हीच माय दिवाळीनंतर पहाटे निघून उन्हं कलेपर्यंत कापूस वेचायची. कमरेला ओटी, बोटांना बोंडाच्या काट्यांचे ओरखडे, आणि येताना डोक्यावर गाठोडं. आमच्या घरात जाड माणूस नव्हतं. गल्लीत एक-दोन होते, त्यांच्याकडे लोक आदरानं पाहायचे. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली, शाळेत सुकडी आली. आमच्या वयाच्या पोरांची भूक तेवढ्यानं भागायची नाही, पण मिळेल ते मुकाट्यानं खायची सवय लागली. ती सवय अजून गेलेली नाही. वाढलेलं टाकून उठणं मला आजही जमत नाही, आणि वजन उतरवताना या एका सवयीनं मला जेवढं छळलं तेवढं जिलेबीनंही नाही.

कॅलरी हे प्रकरण मला आधी भेटलं ते उपाशी माणसाच्या संदर्भात. डीएडनंतर बाहेरून बीए करताना अर्थशास्त्र घेतलं होतं. त्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ भेटले. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या या दोघांनी 1971 साली देशातली गरिबी मोजली, आणि मोजायचं माप घेतलं माणशी रोज 2250 कॅलरी. पुढे 1979 मध्ये सरकारी अभ्यासगटानं खेड्यासाठी 2400 आणि शहरासाठी 2100 हे आकडे धरले. खेड्याचा जास्त, कारण खेड्यातला माणूस राबतो. मला आठवतं, तो उतारा वाचताना मी मायच्या गाठोड्याचा विचार केला होता.

या मापावर आक्षेप घेणारा माणूसही मराठीच होता. पां. वा. सुखात्मे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी सांख्यिकी विभाग सांभाळला आणि निवृत्तीनंतर पुण्यात राहिले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तोच माणूस, तेच काम, तेच वजन असलं तरी त्याचं खाणं रोज सारखं नसतं. एक आठवडा कमी, एक आठवडा जास्त, आणि शरीर आपल्या परीनं जुळवून घेतं. म्हणून सरासरीच्या खाली दिसला तो प्रत्येक जण उपाशी असं म्हणता येत नाही. दांडेकरांना हे पटलं नाही. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांचा वाद चांगलाच रंगला. गरिबांच्या बाबतीत माझं मत दांडेकरांच्या बाजूचं आहे. अर्धपोटी माणसाच्या जुळवून घेण्याला मी तरी तब्येत म्हणणार नाही. पण सुखात्मे पुढे माझ्या स्वयंपाकघरात उपयोगी पडणार होते.

नोकरी कळंब तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत. 1995 पासून पोरांना महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेली खिचडी आली, आणि तिच्यासोबत रजिस्टर आलं. पहिली ते पाचवीच्या पोरामागे तांदूळ 100 ग्रॅम, तेल 5 ग्रॅम. जेवणातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला तांदूळ 150, तेल साडेसात, कॅलरी 700. हे रजिस्टर बरीच वर्षं माझ्याकडे होतं. शंभर पोरं हजर असली की अर्धा किलो तेल, त्याच्या वर एक चमचा नाही. आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या मावशी होत्या, त्यांचा जीव त्या तेलात कधी रमला नाही. "मॅडम, एवढ्याशा तेलात मोहरीबी तडतडत नाही जी," असं त्या म्हणायच्या, आणि तरी त्याच तेलात कांदा, सांभार म्हणजे कोथिंबीर, हळद घालून अशी खिचडी करायच्या की पोरं गंज खरवडून खायची.

मोजून फोडणी देण्याची इतकी वर्षांची तालीम झाली, ती सगळी शाळेत. घरी दोन पगार येत होते. मधल्या काळात आमच्या शेतांत सोयाबीन आलं, दुकानात सोयाबीनचं तेल आलं, बाटली जाऊन पाकीट आलं आणि पाकीट जाऊन 15 किलोचा पिपा. पिप्यातून तेल काढायला मोठी पळी. मायच्या बुचातून थेंब पडायचे, माझ्या पळीतून धार. सायकल जाऊन स्कूटी आली होती, विहिरीचं पाणी नळाला आलं होतं. पन्नाशीच्या आत गुडघे बोलू लागले आणि काटा 78 वर गेला. यवतमाळच्या डॉक्टरांनी शुगर काठावर आहे म्हणून सांगितलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: वजन कमी करा. कसं, ते चिठ्ठीत मावलं नसावं.

मग सगळे करतात तेच मी केलं. भात बंद, दोन भाकरींची एक भाकर, साखर बंद. चतुर्थ्या धरल्या. आमचं गाव कळंब, चिंतामणीचं. विदर्भाच्या अष्टविनायकांतलं हे ठाणं, देऊळ जमिनीच्या पोटात, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. त्या पायऱ्या गुडघ्यांसाठी व्यायाम म्हणून मोजाव्यात का, असा विचारही मनात येऊन गेला. पण उपासाच्या दिवशी ताटात काय? साबुदाण्याची उसळ. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी. त्यात शेंगदाण्याचं कूट, ज्याच्या वजनात 40 टक्क्यांहून जास्त तेलच असतं. आणि वरून परतायला पुन्हा तेल. देवाला उपास पोचत असेल. काट्याला पोचत नव्हता.

2018 च्या सुमारास आमच्या शिक्षकांच्या खोलीत डॉ. जगन्नाथ दीक्षित अवतरले, म्हणजे मोबाईलमधून. खरी भूक लागेल तेव्हाच जेवायचं, दिवसातून दोनदाच, आणि जेवण 55 मिनिटांत संपवायचं. मूळ विचार आमच्याच बाजूच्या माणसाचा, काटोलच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, 2004 साली अपघातात ते गेले आणि दीक्षितांनी तो विचार गावोगाव नेला. दुसरीकडे ऋजुता दिवेकर होत्या: थोडं थोडं, वेळच्या वेळी, आपल्या मातीतलं खा, तुपाला भिऊ नका. स्टाफचे दोन तट पडले. मधल्या सुट्टीत डबा उघडणारा दिवेकरांचा, न उघडणारा दीक्षितांचा. मी आधी एका तटात बसले, मग दुसऱ्या. दोन्हीकडे थोडं वजन उतरलं. माझ्या मते चहासोबतची बिस्किटं आणि येता-जाता तोंडात टाकायचा चिवडा सुटला म्हणून. पण दोन्ही तटांच्या डब्यात वांग्याची भाजी एकाच कढईतल्यासारखी तेलात पोहत होती, आणि त्यावर कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

घरी मुलानं छोटा वजनकाटा आणून दिला आणि मोबाईलमध्ये कॅलऱ्या मांडायचं ॲप टाकून दिलं. भाकर मोजता येते: साठ ग्रॅम पीठ, दोनशेच्या आसपास कॅलरी. वरण मोजता येतं. भाजी आली की घोडं पेंड खायचं. पाच माणसांच्या कढईतून माझ्या वाटीत तेल किती आलं? तर्रीखालून वाढून घेतलं तर किती, वरून घेतलं तर किती? हायवेवरच्या बोंड्यानं किती तेल पिलं? मी अंदाजानं एक चमचा लिहायची आणि ॲप मला शाबासकी द्यायचं.

मग रजिस्टर सांभाळलेल्या बाईला जे आधी सुचायला हवं ते सुचलं. साठा रजिस्टर घरी लावायचं. नवा पिपा फोडला त्या दिवशी त्याच्या पत्र्यावर मार्करनं तारीख टाकली आणि विसरून गेले. कसली काटकसर केली नाही, पळी बदलली नाही. पिपा संपला तेव्हा दोन महिने झाले होते. 15 किलो म्हणजे 15,000 ग्रॅम. साठ दिवस, पाच माणसं. माणशी रोज 50 ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणून 450.

हा आकडा मी ओळखत होते. रजिस्टरात वर्षानुवर्षं लिहिला होता. शाळेतल्या पोराच्या अख्ख्या जेवणाच्या कॅलऱ्या तेवढ्याच, आणि त्या जेवणातलं तेल आमच्या तेलाचा दहावा हिस्सा. थोडं तेल कढईला चिकटलं असेल, थोडं देवाच्या दिव्याला गेलं असेल. तेवढं सोडून दिलं तरी दोन भाकरींएवढं आम्ही रोज पिऊन टाकत होतो, आणि मी एक भाकर सोडून बसले होते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वरचं तेल पुरे म्हणते.

इथे सुखात्मे कामाला आले. रोज ॲपमध्ये आकडे लिहून मी कंटाळले होते. एखाद्या दिवशी लग्नाचं जेवण व्हायचं, आकडा फुगायचा, आणि दुसऱ्या दिवशी ॲप उघडायला लाज वाटायची. खाणं रोज सारखं नसतं, हे म्हाताऱ्यानं सांगून ठेवलं होतं. एका दिवसाचा हिशोब काढून उपयोग नाही, महिन्याचा काढावा. आणि एका माणसाचा काढून उपयोग नाही, कारण कढई सगळ्यांची एक. पिपा या दोन्ही गोष्टी आपोआप करतो. तो लग्नाचं, तेराव्याचं, जावयाचं, सगळं सामावून घेतो आणि शेवटी एकच खरं उत्तर देतो.

मोठी पळी मी माळ्यावर टाकली. चहाचा चमचा आणला आणि सकाळच्या भाजीचे चमचे ठरवून टाकले. वांगी आधी थोडी वाफवून मग फोडणीला टाकली की तेल कमी पितात. चून, म्हणजे पिठलं, परतायचं नाही, पाण्यात हटवायचं. कढीगोळे तळायचे नाहीत, उकळत्या कढीत सोडायचे. गोळाभातावर फोडणीचं तेल ओतायचं ते चमच्यानं घ्यायचं; त्याशिवाय गोळाभात खाण्यात अर्थ नाही, तो हक्क मी सोडलेला नाही. पाटोडीचा रस्सा होतो, तर्रीसकट होतो, पण पाहुणे आले की. हे सगळं आमच्या ह्यांना कळायला आठवडा लागला. एक दिवस वाटीकडे पाहून म्हणाले, "तेल संपलं काय घरातलं?" मी पिप्यावरची तारीख दाखवली. ते स्वतः हिशोबाचे पक्के, गप्प जेवले.

आता पिपा साडेतीन महिने पुरतो, म्हणजे माणशी 28 ग्रॅमच्या आसपास. भाकरी पुन्हा दोन झाल्या. वजन हळूहळू 70 वर आलं आणि तिथेच अडून बसलं. रोज पाचशे कॅलऱ्या कमी केल्या की आठवड्याला अर्धा किलो उतरतं हे गणित सगळे सांगतात. सुरुवातीला ते जमतं, पुढे शरीर जुळवून घेतं आणि गणित लंगडं पडतं. मला 70 चालतंय. गुडघे चिंतामणीच्या पायऱ्या उतरू देतात, चढूही देतात. बाजारात भेटणाऱ्या बायका मात्र अजून काळजीत आहेत. "काहून वाळली वं? शुगर निघाली काय?" मायच्या काळात वाळणं म्हणजे आजार किंवा उपासमार. त्या बायकांचा त्यात दोष नाही.

तुमच्या घरी पिपा असो की पाकीट, पुढचं फोडाल तेव्हा त्यावर तारीख टाका. संपेल त्या दिवशी ग्रॅमला दिवसांनी आणि घरातल्या माणसांनी भागा. उत्तर 30 च्या आत आलं तर मग खुशाल भात-भाकरीकडे वळा, दीक्षित की दिवेकर ते ठरवा, आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. 30 च्या वर आलं तर भाकर पोटभर खा आणि आधी पळी बदला.