भुताचं भाडं

कडोदऱ्याच्या चार रस्त्यापाशी आम्ही पत्र्याच्या चाळीत राहत होतो. शेवटच्या खोलीत हडळ होती, म्हणून तिचं भाडं निम्मं. वडील गेल्यावर माझं बोट धरून नंदुरबारहून ताप्ती लाईनीने चलथानला उतरलेल्या आईला अशीच हडळ परवडण्याजोगी होती!

दिवसभर ती लूमच्या कारखान्यात बॉबिन भरी. अंधार पडला की डोक्यावर टक्... टक्... मी गोधडीत शिरे. आई म्हणे, "आली वाटतं मावशी. नीज आता."

१९९४च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला. चाळ ओस पडली. आम्ही राहिलो; गावाला आमचं होतं कोण? टकटक मात्र चालूच. म्हणजे कुणाची चेष्टा नव्हे. आईने हिशेब मांडला : पावसाच्या दिवशी मावशी गप्प, कडक ऊन पडलं की रात्री हजर. पत्राच तो! उन्हात ताणतो, रात्री आकसताना खिळ्यांना अडून टणकतो. दहा फुटी पत्रा ३० अंशांच्या फरकाने जेमतेम एक मिलिमीटर हलतो, हे मी पुढे आयटीआयत शिकलो. आईला तापमापक लागला नाही.

मी सांगत सुटणार, तोच तिने दंड धरला. "गप! भाडं दुप्पट होईल. आणि बाईमाणसाच्या दारावर रात्री टकटक करणारे वेगळेच असतात. ते हिला भितात."

चाळ परतली, तेव्हा आमच्या उंबऱ्यावर नवं लिंबू होतं, आणि आई शेजारणींना सांगत होती, "यंदा मावशी फारच चिडली होती हो!"