वर्खाची जाडी

आमच्या कार्यालयाच्या खिडकीवर आठवड्यातून एकदा तरी कुणी म्हातारा शेतकरी एक-चौदाचा उतारा घेऊन उभा राहतो आणि आपले शेत किती, असे विचारतो. उताऱ्यावर क्षेत्रफळ हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये स्वच्छ छापलेले असते. त्याला ते वाचता येत नाही असे नाही. पण त्याच्या लेखी ते शेत इतक्या खंडीचे, इतक्या कुडवांचे असते. वीस कुडवांची एक खंडी, वीस खंडींचा एक कुंभ, हे कोष्टक त्याच्या तोंडात आहे. चौरस मीटर त्याच्या पायाखालून कधी गेलेलाच नाही! अशा वेळी मी कागद बाजूला ठेवतो आणि "अमक्याच्या खळ्यापासून त्या व्हाळापर्यंत," असे सांगतो. मग त्याचे समाधान होते.

हे सांगायचे कारण म्हणजे आमची थोरली लेक. ती वडोदऱ्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. काचेवर धातूचे अतिशय पातळ थर चढवायचे, हा तिच्या प्रकल्पाचा विषय. "बाबा, आज पन्नास नॅनोमीटरचा थर बसला," असे ती फोनवर सांगायची आणि मी "वा, वा!" म्हणायचो. माझ्या त्या वाहवेत काही दम नाही, हे तिला कळत असणारच. हळूहळू तिने प्रयोगशाळेतले सांगणे सोडून दिले. जेवलीस का, पाऊस आहे का, एवढ्यावर बोलणे संपू लागले. आता मी पडलो बी.ए.चा माणूस, तोही मराठी घेऊन. पण पोटची पोर दिवसभर ज्यात रमते त्यातले आपल्याला ओ का ठो कळू नये, याचे वाईट वाटू लागले.

नॅनोमीटरची व्याख्या अवघड नाही. मीटरचा एक अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. 'नॅनो' हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ बुटका. १९६० साली पॅरिसला भरलेल्या वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्याला अधिकृत मान्यता दिली. आपली लाख-कोटींची भाषा इथे फार उपयोगी पडते. एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर आणि एका सेंटिमीटरात एक कोटी. गंमत पहा, अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी मीटर ठरवला तोही कोटीवरूनच. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर! म्हणजे ध्रुव ते विषुववृत्त या अंतरापुढे मीटर जेवढा, तेवढाच सेंटिमीटरपुढे नॅनोमीटर. हे वाचून डोके गरगरले, पण हाताला काही लागले नाही. माझी अवस्था त्या म्हाताऱ्यासारखीच.

गेल्या दिवाळीनंतर रजा काढून मी वडोदऱ्याला गेलो. संध्याकाळी मांडवीच्या बाजारात लेकीने काजूकतली घेतली. वर चांदीचा वर्ख. बोट लावले तर वर्ख बोटाला चिकटला आणि जरा चोळताच रेषांत मुरून दिसेनासा झाला. मी सहज विचारले, "हा केवढा जाड असेल गं?" ती म्हणाली, "काढा की तुम्हीच!"

कारकुनाला अधिसूचना वाचायची खोड असते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली चांदीच्या वर्खासाठी एक अधिसूचना काढली होती. तिच्यात एका चौरस मीटर वर्खाचे वजन २.८ ग्रॅमपर्यंत असावे असे म्हटले होते, ते मला आठवत होते. लेकीने आणखी एकच आकडा दिला : एक घन सेंटिमीटर चांदीचे वजन साधारण साडेदहा ग्रॅम. मग रात्री जेवण झाल्यावर बसलो कागद घेऊन.

२.८ ला १०.५ ने भागले, ०.२६७ आले. म्हणजे एवढे घन सेंटिमीटर चांदी एका चौरस मीटरवर पसरली आहे. चौरस मीटरात चौरस सेंटिमीटर किती? इथे शंभर म्हणून चालत नाही, दहा हजार म्हणावे लागते. पण हेक्टरात दहा हजार चौरस मीटर असतात हे मी रोज लिहितो, त्यामुळे तिथे अडलो नाही. ०.२६७ ला दहा हजारांनी भागून जाडी आली ०.०००,०२६,७ सेंटिमीटर. आणि एका सेंटिमीटरात एक कोटी नॅनोमीटर, म्हणून कोटीने गुणले. उत्तर : २६७ नॅनोमीटर.

मी तो कागद कितीतरी वेळ पाहत राहिलो. नॅनोमीटर माझ्या बोटाला चिकटून गेला होता!

मग लेकीने पुढची तुलना सांगितली. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड धरला, तर एका केसाच्या जाडीत असे तीनशे वर्ख रचता येतील. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे चारशे ते सातशे नॅनोमीटर, म्हणजे वर्ख त्याहूनही पातळ. आणि चांदीचे अणू एकावर एक रचत गेलो तर हजार व्हायच्या आतच वर्खाची जाडी भरते. यंत्रे यायच्या कितीतरी आधीपासून हातोडीने वर्ख कुटणाऱ्या कारागिराने नॅनोमीटर हा शब्द ऐकलेला नव्हता. हात मात्र त्याचा तिथवर पोचला होता.

आपल्या पूर्वजांनाही लहानात लहान माप दिसणाऱ्या वस्तूवरूनच घ्यावेसे वाटले. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात जो धुळीचा कण तरंगतो तो त्रसरेणू आणि असे आठ त्रसरेणू म्हणजे एक लिक्षा, असे कोष्टक मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आहे. तो अर्थात नॅनोमीटर नव्हे. उगाच सगळे आपल्याकडे आधीच होते म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पण डोळ्यांना दिसेल तिथून मोजायला लागावे, ही रीत मला पटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक मला कलाभवन दाखवायला घेऊन गेली. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते सुरू केले आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपवले. उद्योगाचे आणि शास्त्राचे शिक्षण लोकांना त्यांच्याच भाषेत मिळावे, हा गज्जरांचा ध्यास. आपले दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. आज तिथे विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. इमारतीसमोर उभे राहून मी लेकीला म्हटले, "म्हणजे तुझा पन्नास नॅनोमीटरचा थर माझ्या वर्खाच्या पाचव्या हिश्शाएवढा!"

ती थबकली, मग हसली. आणि पुढला अर्धा तास बोलत राहिली. थर किती बसला हे मोजतात कसे, जाडी बदलली की धातूचा रंग का बदलतो, सोन्याचा वर्ख उजेडासमोर धरला तर पलीकडचा उजेड हिरवट का दिसतो... सगळे मला कळले असे म्हणणार नाही. पण मधे मधे मी प्रश्न विचारत होतो आणि ती ते खाली बसवून सांगावेत तसे, न कंटाळता, मराठीत सांगत होती.