गोडं पाणी

आत्याला कुणी पाणी मागितलं की ती आधी विचारायची, "कायले पायजे?" प्यायचं पाणी माठात, वरणाचं पितळी गुंडात आणि उरलेल्या साऱ्या कामांचं अंगणातल्या हौदात. हौदातलं बोअरचं, खारं. त्यात साबणाला फेस येत नसे, केस धुतले की चिकट व्हायचे आणि पाहुण्यांपैकी कुणी न विचारता त्याचा चहा टाकला तर दूध नासायचं.

तिचं सासर दर्यापूर तालुक्यात, ऐन खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी हा पट्टा पसरला आहे. वर काळीभोर माती, कापूस-तूर जोमात. खाली गाळाचे जाड थर आणि त्यांत खारं पाणी. ते पिकाला देत राहिलं तर जमीन चोपण होते, म्हणून पाण्यावर उभं राहून कोरडवाहू शेती करायची. माहेर मात्र परतवाड्याकडचं. सातपुड्याच्या पायथ्याला गोट्या-रेतीत पाऊस मुरतो आणि विहिरीला गोडं पाणी लागतं. संत्र्याच्या बागा त्यावरच उभ्या आहेत. "तुह्या आजोबानं वावर पाह्यलं, विहीर नाई पाह्यली," असं आत्या हसत सांगायची. ते हसू मला कधीच नीट वाचता आलं नाही.

लग्न होऊन आल्यावर तिनं पाणी शिकून घेतलं. नाल्याकाठची विहीर पावसाळ्यानंतर गोडी असायची, संक्रांतीपासून मचूळ होत जायची. मग बाया नाल्याच्या रेतीत झिरा खणायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या. पावसाचं पाणी ती धाब्यावरून पडणाऱ्या धारेखाली धरायची, पण पहिल्या पावसाचं नाही; पहिल्या पावसात धाब्याची धूळ उतरते. हे पाणी प्यायला तिला आवडत नसे. ते वरणाचं. खाऱ्या, जड पाण्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी दाण्याला दाणा वेगळा राहतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीचा गर सुटू देत नाहीत, हे मी पुस्तकात वाचलं. आत्या त्याला "पानी दाय धरून ठेवते" म्हणायची. तिचं वाक्य मला अजून जास्त पटतं.

पुढे शहानूर धरणाचं पाणी नळाला आलं. सातपुड्यातलं, म्हणजे तिच्या माहेराकडचंच. ज्या दिवशी नळ येई त्या दिवशी ती माठ घासायची. नळ आठवडाभर आला नाही तर आतेभाऊ गावातल्या आरओच्या दुकानातून कॅन आणी. आत्यानं पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "हे त पावसाचं हाय." मीटर लावलं असतं तर मीटरनंही तेच सांगितलं असतं: विरघळलेले क्षार जवळजवळ नाहीतच. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या क्षारांची मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. खारपाणपट्ट्याच्या पिढ्या या 'चालवून घ्यायचं'मध्ये गेल्या. (आणि स्टेशनावर आपण ज्याला मिनरल वॉटर म्हणतो ते बहुतेक वेळा बोअरचं किंवा नळाचंच, शुद्ध करून बाटलीत भरलेलं असतं. खऱ्या झऱ्याच्या मिनरल वॉटरचं मानक वेगळं, बाटलीही महाग. आत्या दोन्हींना "इकतचं पानी" म्हणून मोकळी व्हायची.)

तिची किडनी गेली तेव्हा गावात कुणालाच कारणाबद्दल शंका नव्हती. डॉक्टर सावध होते. साखर होती, रक्तदाब होता. एकट्या पाण्यावर बोट ठेवता येणार नाही, म्हणाले. अमरावतीला आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं आणि दिवसाला एक लिटर पाणी ठरलं. त्यात चहा आला, गोळ्यांबरोबरचे घोट आले, वरणही आलं. सकाळी ती बाटली भरून उशाशी ठेवायची. शहानूरचंच पाणी, भाऊ गावाहून आणायचा. उन्हाळ्यात ती ओल्या फडक्यानं नुसते ओठ पुसून घेई, बाटलीकडे बघत नसे.

पुढचा पावसाळा तिनं पाहिला नाही. मला मात्र ती आठवते ती डायलिसिसच्या खुर्चीतली, यंत्राच्या मागे जाणाऱ्या नळीवर नजर रोखलेली. तिथल्या मुलाला तिनं विचारलं होतं, "बाबू, याले पानी कुठचं देता?" तो हौसेनं सांगू लागला: नळाचं घेतो, जडपणा काढतो, कोळशातून गाळतो, मग आरओ. मिनिटाला अर्धा लिटर, चार तासांत एकशेवीस लिटर लागतं, आजी.

"एकशेवीस," आत्या म्हणाली. थोडा वेळ तिनं विचार केला. "म्हंजे वरनाचं पानी."

तो हसला. मीही हसलो. मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं, आज तिच्या वाट्याचं किती उरलंय.