दिवा न लागलेली गाडी

एफआय गाडी मिसिंग करायला लागली की गिऱ्हाईक दारातूनच सांगतं, ‘मेस्त्री, सेन्सर गेलाय.’ कुठला, ते त्याला माहीत नसतं. कार्बोरेटरच्या काळात हाच माणूस ‘कचरा अडकलाय’ म्हणायचा आणि बऱ्याचदा त्याचंच खरं निघायचं. सेन्सरच्या बाबतीत क्वचितच निघतं. दहा-पंधरा वर्षं जुन्या इंजेक्शनच्या ज्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांतले सेन्सर सहसा धडधाकट असतात. दगा देतं ते त्यांच्या आजूबाजूचं: कपलर, अर्थिंग, तडकलेलं रबर, टाकीतलं पाणी.

आपल्याकडे मोटारसायकलला इंजेक्शन आलं ते २००६ च्या ग्लॅमर एफआयपासून. पाठोपाठ २००७ मध्ये पल्सर २२०, २००८ मध्ये आर१५. पल्सर २२० चं इंजेक्शन २००९ मध्ये काढून तिला परत कार्बोरेटर दिला, तेव्हा आम्हा जुन्या फिटर मंडळींना कोण आनंद झाला होता! १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं आणि तो आनंदही संपला. आताच्या गाडीला स्कॅनर जोडला की ती बरंच काही सांगते. मधल्या काळातल्या गाड्या मात्र मीटरवरचा इंजिनचा दिवा लुकलुकवून बोलतात. बऱ्याच गाड्यांत लांब लुकलुक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. मोजायचं, तक्त्यात बघायचं. आणि तक्त्यात टेम्परेचर सेन्सरचं नाव आलं म्हणून लगेच सेन्सर मागवायचा नाही. त्या वायरीवरून येणारं माप पटत नाही, एवढंच गाडीचं म्हणणं असतं.

खरी कसोटी लागते ती दिवाच लागत नाही तेव्हा.

रत्नागिरीहून एक तरुण शिक्षक पाचशे सीसीची जुनी सिंगल सिलिंडर घेऊन आला होता. आधीच्या गॅरेजात प्लग नवा टाकला होता, इंजेक्टर साफ केला होता, एअर फिल्टरही बदलला होता. फरक शून्य.

“सकाळी कशी उठते?” मी विचारलं.

“पहिल्या सेल्फला. तक्रारच नाही. पण आंबा घाट चढून मलकापुरात आलो की बुकबुकायला लागते. ट्रॅफिकमध्ये तर बंदच पडते. ॲव्हरेजही उतरलंय.”

गार असताना ठीक आणि गरम झाल्यावर बिघाड, हे ऐकलं की मी हत्यार उचलायच्या आधी प्लग कसा दिसेल याचा अंदाज बांधतो. प्लग काढला, तर टोकावर कोरडी काजळी. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. हवा चोरून आत घुसत असती तर उलटं झालं असतं, प्लग पांढुरका निघाला असता. मग थ्रॉटल बॉडी आणि हेडच्या मधल्या रबरावर पाण्याचा बारीक फवारा मारून आयडलिंग बदलतंय का ते बघितलं असतं. इथे त्याची गरज नव्हती.

इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं हे ठरवताना ईसीयू, म्हणजे गाडीचा मेंदू, आधी विचारतो, इंजिन गार आहे की गरम? गार असेल तर इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. वेगळा चोक ओढण्याऐवजी ही सोय. हे त्याला कळतं हेडवरच्या छोट्या सेन्सरकडून, ज्याचा रेझिस्टन्स गरम होईल तसा उतरत जातो. नेहमीच्या सेन्सरचा गार असताना दोन-अडीच हजार ओहम, इंजिन तापल्यावर तीन-साडेतीनशे. मी गाडी चांगली तापू दिली, चावी बंद केली आणि मल्टिमीटर थेट सेन्सरच्या पिनांना लावला. तीनशेच्या आसपास. अगदी बरोबर. मग सीटखाली ईसीयूचा कपलर सोडवला आणि त्याच दोन वायरी तिथून मोजल्या. हजाराच्या वर! कपलर हलवला की आकडा नाचायचा.

म्हणजे इंजिन तापलेलं, पण ईसीयूच्या मते ते अजून चाळीसएक अंशांवर. तो बिचारा नेकीने जास्त पेट्रोल सोडत राहिला. आणि दिवा का नाही लागला? वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर आकडा अशक्य होतो, ते ईसीयू पकडतो. इंजिन चाळीस अंशांवर असणं अशक्य नाही. खोटं शक्यतेच्या चौकटीत बसलं की ते त्याला कळत नाही.

सेन्सरजवळचा कपलर उघडला तर एका पिनेवर हिरवट भुकटी. समुद्राकाठची हवा आणि कोकणातला पाऊस, कपलरचं रबर सील कधीच कडक होऊन चिरलेलं. पिन घासली, दाबून घट्ट केली, नवं सील आणि थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस. दोन्हीकडचे आकडे जुळले. हात लागलाच होता म्हणून गाडी चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनची बॉडी यांत व्होल्टेज बघितलं. ०.२ व्होल्टच्या आत हवं, होतं त्याच्या दुप्पट. अर्थिंगचा बोल्ट काढून रंग-गंज खरवडला. एफआय गाडीत मी हे कधी टाळत नाही, कारण अर्थिंग कच्चं असेल तर एकाच वेळी चार सेन्सर बिघडल्यासारखे वाटतात.

त्याने वीस टक्के इथेनॉलचाही विषय काढला. जुन्या गाडीचा दोष आता सगळेच त्याच्यावर ढकलतात, ते मला अर्धंच पटतं. इथेनॉलला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं, त्यामुळे ज्या जुन्या गाडीला ऑक्सिजन सेन्सर नाही ती थोडी कोरडी चालते, हे खरं. त्याच्या प्लगवरच्या काजळीच्या अगदी उलट. पाण्याची गोष्ट जास्त गंभीर. इथेनॉल पाणी शोषतं, प्रमाणाबाहेर गेलं की ते पाण्यासकट वेगळं होऊन तळाला बसतं, आणि या गाड्यांचा पंप टाकीच्या तळातूनच ओढतो. कार्बोरेटरला निदान खाली ड्रेनचा स्क्रू होता. हे पाणी येतं कुठून, तर बहुतेक वेळा टाकीच्या झाकणाजवळचं निचऱ्याचं भोक मातीने बुजल्यामुळे.

बिल हातात घेऊन त्याने विचारलं, “यात पार्ट कुठला बदललाय?”

“सील. वीस रुपये.”

“आणि बाकीचे?”

“शोधायचे.”

थोडी घासाघीस झाली, मीही थोडे सोडले. जाण्याआधी त्याच्या टाकीचं झाकण उघडलं. भोक बुजलेलंच होतं. ते तारेने मोकळं करून दिलं, त्याचे पैसे लावले नाहीत.