वजीराबादच्या घारी

दिल्लीला गेलेला आपला माणूस अलीपूर रोडवरच्या २६ क्रमांकाच्या जागेवर गेल्याशिवाय परतत नाही. बाबासाहेबांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी जिथे महापरिनिर्वाण झाले, तिथे २०१८ पासून राष्ट्रीय स्मारक उभे आहे. स्मारकातून बाहेर पडलेली मंडळी बहुधा लाल किल्ल्याकडे नाहीतर इंडिया गेटकडे वळतात. या खेपेला मी उलट दिशेची रिक्षा केली आणि तिमारपूर ओलांडून वजीराबादला गेलो.

वजीराबाद हे दिल्लीच्या उत्तरेचे, यमुनाकाठचे जुने गाव. आता ते शहराने गिळले आहे. इथल्या बंधाऱ्यावर अडवलेले पाणी दिल्ली पिते, आणि बंधाऱ्याच्या खाली थोड्याच अंतरावर नजफगडचा नाला आपली सारी घाण नदीत ओततो. इकडे पिण्याचे पाणी, तिकडे काळा फेस. जवळच तुघलकांच्या काळातला दगडी पूल आणि शाह आलमचा दर्गा आहे, आणि या सगळ्यावर २०१८ साली सुरू झालेला, कुतुबमिनारापेक्षा उंच असा सिग्नेचर ब्रिज. प्रवासी या नव्या पुलाचे फोटो काढतात. मी मात्र मान वर करून आभाळ पाहत होतो. ते घारींनी भरलेले होते.

घार आपल्याला नवी नाही. मुंबईत देवनारच्या कचऱ्यावर, मटणाच्या दुकानांवर, चाळींच्या पाण्याच्या टाक्यांवर ती रोज दिसते. दिल्लीत मात्र तिची संख्या थक्क करणारी आहे. शिकारी पक्ष्यांची एवढी दाट वीण असलेली शहरे जगात फार थोडी. निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या घारींचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. घरट्यासाठी घार नुसते झाड पाहत नाही, खाली माणसे कोण राहतात तेही पाहते, असे त्यांना दिसले. जुन्या दिल्लीतल्या मुस्लिम मोहल्ल्यांत सदक्याचे, म्हणजे दानाचे, मांसाचे तुकडे हवेत उडवतात. घार ते वरच्यावर झेलते. अशा वस्त्यांजवळ घारींची घरटी जास्त. शिवाय गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर आहेच. आपल्या सफाई कामगारांइतकेच शहर स्वच्छ ठेवण्याचे काम हा पक्षी करतो, आणि त्याचीही कोणी दखल घेत नाही.

घारीचे पिल्लू घरट्याबाहेर पडते ते उन्हाळ्यात. एप्रिल-मेच्या झळांत काही पिल्ले तहानेने अर्धमेली होऊन खाली पडतात. जी तरतात त्यांच्यापुढे दुसरे संकट जुलै-ऑगस्टमध्ये उभे राहते. दिल्लीत पतंग संक्रांतीला नव्हे, १५ ऑगस्टला उडतात. तोवर पिल्लू उडायला लागून दोनतीन महिनेच झालेले असतात. अंगावर फिकट ठिपके असलेली ही कोवळी घार वळणे घ्यायला शिकत असते, त्याच वेळी आभाळात हजारो दोरे ताणलेले असतात. मोठ्या घारीही सापडतात. पण नवशिकीला दोरा चुकवण्याचा सराव तरी कुठून असणार?

मांजा कुठे कापतो ते समजून घ्यायला हवे. पक्ष्याचा पंख पसरला की खांद्यापासून मनगटापर्यंत पुढच्या बाजूला कातडीची एक पातळ पडदी ताणली जाते. त्या पडदीच्या कडेने एक नस जाते. पंख पूर्ण उघडणे आणि ताठ धरणे या दोन्ही गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. दोरा नेमका तिथे बसतो. पक्षी घाबरून फडफडतो, तसा तो करवतीसारखा आत जातो, आधी कातडी, मग नस, मग हाड. झाडाला किंवा तारेला लटकून राहिलेली घार दिवसभर फडफडत राहिली, तर जखम वाढतच जाते.

अशी जखमी घार दिल्लीत न्यायची कुठे? चांदणी चौकाच्या तोंडाशी, लाल किल्ल्यासमोर, जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. कबुतरे, पोपट, चिमण्या यांच्यावर तिथे फुकट उपचार होतात. मी ते आदल्या दिवशी पाहून आलो होतो. पिंजऱ्यांच्या रांगा आहेत, आणि काम मोठे आहे. पण रुग्णालयाचा नियम शाकाहारी पक्षी दाखल करून घेण्याचा. शिकारी पक्ष्याची बाहेरच्या बाहेर मलमपट्टी होते, त्याला खाट मिळत नाही. रुग्णालय चालवणाऱ्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. मात्र घारीला डाळ-दाण्यावर जगवता येत नाही, आणि तुटलेला पंख एका मलमपट्टीत जुळत नाही. काय खातोस, हे विचारून दार लावण्याचा अनुभव आपल्या लोकांना आहे. शहरात भाड्याची खोली शोधणाऱ्या कुणालाही विचारा.

१९९० च्या दशकात नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या दोन शाळकरी भावांना एक जखमी घार सापडली. ती घेऊन ते पक्ष्यांच्या रुग्णालयात गेले. मांसाहारी म्हणून घार नाकारली गेली, आणि मुलांना ती जिथे सापडली तिथेच परत ठेवावी लागली. ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. २००३ च्या सुमारास त्यांनी स्वतःच घारींवर उपचार करायला सुरुवात केली, आणि २०१० साली ‘वाइल्डलाइफ रेस्क्यू’ ही संस्था काढली. दोघांपैकी कोणीही डॉक्टर नाही. तरुणपणी त्यांना शरीर कमावण्याचा नाद होता. स्नायू कुठे जुळतो, नस कशाला म्हणतात, हे ते व्यायामाच्या मासिकांतून शिकले होते. पुढे पशुवैद्यांकडून आणि हातांच्या सरावातून बाकीचे शिकले.

त्यांचा धंदा द्रव साबणाचे धातूचे डबे बनवण्याचा. वजीराबादच्या घराच्या तळघरात एकीकडे पत्रा कापला जाई, दुसरीकडे खोक्यांत घारी पडलेल्या असत. तळघरात उपचार आणि गच्चीवर पिंजरा, अशी ही व्यवस्था. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटात हे सगळे दिसते. २०२२ साली त्याला सनडान्स आणि कान महोत्सवात मोठे पुरस्कार मिळाले, २०२३ मध्ये ऑस्करसाठी नामांकनही झाले. पण मला त्या चित्रपटातले लक्षात राहिले ते मांस दळायचे यंत्र. घारींसाठी म्हशीचे मांस रोज आणायचे, खिमा करायचा, आणि ते यंत्र ऐन वेळी बंद पडायचे. पैशाची ओढाताण, घरातली कुरबुर, तळघरात शिरणारे पावसाचे पाणी. दया म्हटली की आपल्याला शांत चेहरे आठवतात. इथे दया म्हणजे खाटकाचे बिल.

त्याच चित्रपटात जखमी घार नदीच्या पल्याड पडलेली असते, आणि यमुनेच्या त्या घाण पाण्यात उतरून, पोहत जाऊन ती आणली जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये ईशान्य दिल्लीत दंगल उसळली, तो भाग नदीच्या पलीकडच्या काठाला लागून आहे. घरातले लोक जीव मुठीत धरून होते. खोक्यांतले पेशंट मात्र येतच होते. चित्रपट आला तोवर या भावांच्या हाताखालून वीस हजारांच्या वर पक्षी गेले होते.

मी त्या गल्लीत शिरलो, पण उपचाराच्या ठिकाणी कुणाला त्रास द्यायला गेलो नाही. जखमी रानपक्ष्याला माणसाचा चेहरा आणि आवाज हाच मोठा ताप असतो. म्हणूनच अशा ठिकाणी त्याला आधी अंधार आणि शांतता देतात, मग पाणी आणि औषध. जखम धुऊन टाके घालतात. मोडलेला पंख अंगाशी धरून पट्टी बांधतात. पक्ष्याचे हाड पोकळ आणि पातळ, पण जुळते लवकर, दोनतीन आठवड्यांत. खरी अडचण त्यानंतर येते. बांधून ठेवलेला पंख आखडतो, छातीचे स्नायू उतरतात. पट्टी जास्त दिवस ठेवली तर हाड जुळूनही पक्षी जमिनीवरच राहतो. सपाट कठीण जागी उभे राहून तळपायाला फोड होतात आणि ते चिघळतात, म्हणून बसायच्या दांडीला दोरखंड गुंडाळतात.

पिसांचीही काळजी घ्यावी लागते. पिंजऱ्याच्या जाळीवर आपटून उडण्याची पिसे मोडली, तर ती पुन्हा यायला पुढच्या पीसझडीची वाट पाहावी लागते. तोवर पक्षी कैदेतच राहणार. यावर एक जुना इलाज आहे, ससाणे पाळणाऱ्यांनी शोधलेला. दुसऱ्या घारीचे गळलेले पीस घ्यायचे, मोडक्या पिसाचा देठ कापून त्यात बांबूची बारीक सळी बसवायची आणि नवे पीस त्यावर चिकटवायचे. तेच माप, तीच बाजू, तोच क्रमांक हवा. मेलेल्या घारीचे पीस जिवंत घारीला असे उडायला मदत करते.

कोवळ्या पक्ष्याच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. माणसाच्या हातून घास घेत वाढलेले पिल्लू माणसालाच आईबाप समजू लागते. पुढे ते माणसांच्या खांद्यावर उतरते, आणि कुणीतरी घाबरून काठी घालते. म्हणून पिल्लाला लळा लावायचा नाही, नाव ठेवायचे नाही, त्याला मोठ्या घारींच्या सोबतीने वाढवायचे. घरातल्या लहान मुलांना ही गोष्ट पटवणे कठीण जाते, पण सांगावी जरूर.

मग सोडायचे कधी? ससाण्याच्या बाबतीत ही परीक्षा फार कडक असते. बहिरी ससाणा भक्ष्यावर झेप घेताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेग गाठतो आणि उडत्या पक्ष्याला हवेतच पकडतो. त्याच्या दोन पंखांत किंचितही फरक राहिला, तर तो उपाशी मरेल. त्याला लांब दोरीवर उडवून, दमसास तपासून, मगच मोकळे करतात. घारीला निसर्गाने जरा सवलत दिली आहे. ती वाऱ्यावर तरंगते, मेलेले खाते, दुसऱ्याच्या तोंडचे हिसकावते. पंख थोडा अधू असला तरी ती पोट भरू शकते, पण वारा धरता आला पाहिजे, आणि जमिनीवरून उठून उंच बसता आले पाहिजे. गच्चीवरचा पिंजरा त्यासाठी कामाचा असतो. आतल्या घारीला बाहेरच्या घारी दिसतात, त्यांच्या हाका ऐकू येतात. पंखात बळ आले की तिला दाखवावे लागत नाही, आभाळ कुठे आहे ते. ज्यांची नस कायमची तुटली ते पक्षी मात्र मागे राहतात. त्यांचे काय करायचे हा या कामातला सर्वांत अवघड प्रश्न, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे उत्तर वेगळे असते.

दिल्लीत जानेवारी २०१७ मध्ये सरकारने नायलॉनच्या मांजावर आणि काच किंवा धातूची पूड लावलेल्या दोऱ्यावर बंदी घातली, साधा सुती दोराच चालेल असे ठरवले. त्याच वर्षी जुलैत राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन मांजावर देशभर बंदी आणली. तरी आपल्याकडे नागपूरला, येवल्याला, मुंबईच्या चाळीचाळीत संक्रांतीच्या आधी तो कुठे मिळतो हे पोरांना बरोबर ठाऊक असते. त्याच मांजाने दुचाकीवरून कामाला निघालेल्या माणसांचे गळे कापल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. मुलांना पतंग जरूर द्या, दोरा मात्र आपण निवडा. संक्रांत झाल्यावर झाडांवर, तारांवर उरलेला गुंताही महिनोन्‌महिने पक्षी पकडत राहतो. हाताशी येणारा तेवढा काढून जाळ्या करून टाका, असे मी म्हणणार नाही, नायलॉनचा धूर विषारी असतो. बारीक तुकडे करून पिशवीत बांधा आणि कचऱ्यात द्या. विजेच्या तारेवरच्या गुंत्याला मात्र हात लावू नका.

आणि जखमी घार, शिक्रा किंवा ससाणा दारात येऊन पडला तर? अंगावर जाड चादर किंवा पोते टाका आणि पाय आधी धरा. तो चोचीपेक्षा नखांनी जास्त इजा करतो. अंगात रुतलेला मांजा ओढून काढू नका, बाहेरचा कापा. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून, तळाशी जुने कापड घालून त्यात ठेवा आणि झाकण लावा. दूध, भात, भाकरी नको, चोचीत पाणी ओतणे नको, घरातली दुखण्याची गोळी कुस्करून देणे तर अजिबात नको. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या औषधाने या देशातली गिधाडे जवळजवळ संपली. २००६ साली ते औषध जनावरांसाठी बंद झाले, तोवर फार उशीर झाला होता. घरट्यातून पडलेले पिल्लू धडधाकट असेल, तर त्याच झाडावर टोपलीत ठेवून दुरून पाहा. आईबाप बहुधा येतात. रानपक्षी घरात पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. खोक्यावर पक्षी सापडल्याची जागा आणि तारीख ठळक लिहा. बरी झालेली घार शक्यतो त्याच भागात सोडतात, तिथली झाडे तिच्या ओळखीची असतात.